ढवळ्या बदकाची भरती

प्राणीही शाळेत जायचे, तेव्हाची गोष्ट. ढवळ्या बदक कसाबसा शेवटची इयत्ता पास झाला आणि सिंहमहाराजांच्या सैन्यात भरती व्हायला निघाला. त्याला चालता, पोहता, उडता असं तिन्ही यायचं, म्हणून तर पंचाईत! एकदा बिल्ला लागला की वीस वर्षं सुटका नव्हती.

"पायदळात ये, छाती रुंद होते," रानडुक्कर गुरगुरलं.

"आरमारात ये, गावात वट वाढते," कासव म्हणालं.

"हवाई दलात ये, सगळे मान वर करून बघतात," घार म्हणाली.

ढवळ्याचं डोकं भणाणलं. तिन्ही दलांचं टपाल पोचवण्यात म्हातारे झालेले बगळेआजोबा त्याने गाठले.

"आजोबा, खरं सांगा, लढाई कुठे जास्त असते?"

"लढाई? माझ्या हयातीत एकही झाली नाही. तिन्हीकडे काम एकच. आपापल्या सेनापतीच्या अंगणातलं गवत उपटायचं."

"मग फरक कशात?"

"टोपीत."

ढवळ्याने तडक आरमारात नाव घातलं. बापाचा ऊर भरून आला. "पाण्याची ओढ रक्तातच आहे आपल्या!"

"तसं नाही, बाबा," ढवळ्या म्हणाला, "तळ्याकाठचं गवत ओलं असतं. पटकन मुळासकट येतं."