न्यूट्रिनोची धडक

पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी एका अवाढव्य ताऱ्याच्या पोटात कणांची वस्ती होती. तिथे इलेक्ट्रॉनचा मोठा दरारा होता. अंगच्या विद्युतभारामुळे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढायचा, नाहीतर ढकलायचा. न्यूट्रिनोला विद्युतभार नव्हता आणि वजनही नावापुरतंच. तो सगळ्यांच्या अंगातून आरपार निघून जायचा.

"तू आलास काय नि गेलास काय, कुणाला पत्ता लागत नाही," इलेक्ट्रॉन त्याला म्हणाला.

"मी क्वचितच कुणाला धडकतो, हे खरं," न्यूट्रिनो शांतपणे म्हणाला. "पण धडकतो."

पुढे ताऱ्याचं इंधन संपलं आणि त्याचा गाभा स्वतःच्याच ओझ्याखाली कोसळला. त्या हादऱ्याची लाट बाहेर निघाली खरी, पण अर्ध्या वाटेत थबकली. आता सगळंच आत गडप होणार, या भीतीने इलेक्ट्रॉन गारठला. प्रकाशही त्या दाटीत अडकून पडला होता.

तेवढ्यात गाभ्यातून न्यूट्रिनो आपल्या असंख्य भावंडांसह निघाला. बहुतेक भावंडं आरपार गेली. थोडी मात्र त्या दाटीत धडकली, आणि त्यांत तोही होता. अंगातली सगळी शक्ती त्याने लाटेला देऊन टाकली. लाट उसळली, तारा फुटला, आणि त्यातला ऑक्सिजन, लोखंड दूरवर उधळलं गेलं. त्यातून पुढे नवे ग्रह घडले.

त्या धुरळ्यात इलेक्ट्रॉनला शेजारी एक नवा इलेक्ट्रॉन दिसला.

"तू कुठला?" त्याने विचारलं.

"धडकेपर्यंत मी न्यूट्रिनो होतो. त्या धडकेतच माझा इलेक्ट्रॉन झाला."

इलेक्ट्रॉनने त्याला निरखून पाहिलं. तोच भार, तेच वजन, दोघांत तसूभरही फरक नव्हता. त्याने सरकून शेजाऱ्याला जागा करून दिली.