गिऱ्हाईक कुणी आणलं?

आठवीतून शाळा सोडलेल्या इचलकरंजीच्या केरबानं दोन वर्षं खपून विटीदांडूचा मोबाइल गेम केला. कमाईतले तीस टक्के गेम विकणारं ऑनलाइन दुकान कापायचं, त्यामुळे दुसरा गेम करणं त्याला परवडेना.

गेम करणाऱ्यांच्या एका मेळाव्यात त्या दुकानाचे साहेब ऐटीत म्हणाले, "गिऱ्हाईक आम्ही आणतो. जो आणेल, त्याचा वाटा!"

केरबा घाम पुसत उठला. "साहेब, माझी गिऱ्हाइकं अकरा. सगळे नातेवाईक, मीच हातापाया पडून आणलेले. दोन मिनिटांत माझा गेम बंद करून त्यांनी तुमच्याकडचे दुसरेच गेम विकत घेतले. त्या विक्रीतले माझे तीस टक्के कधी देताय?"

साहेबांना हसू आवरेना. "बरं बाबा, स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकावर यापुढे कपात नाही!"

टाळ्यांनी केरबा इतका गांगरला, की शेजारच्याच्या मांडीवरच बसला.