पोटरीची पकड

"वस्ताद, पाय कापावा लागंल का हो माझा?"

बसगोंडा पैलवान तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसला होता. उजव्या पायाचा अंगठा मुठीत धरून. अंगठा गार पडायचा. चार पावलं पळाला की पोटरीत गोळा यायचा, थांबला की जायचा.

इलाही वस्ताद म्हणाले, "मग तू काय केलंस?"

"बैठका वाढवल्या."

"दुखायचं थांबलं?"

"न्हाई. पोटरी वाढली."



"डॉक्टरला दाखवलंस? काय म्हणाला?"

"आडवं निजवून नाडी बघितली. झकास हाय म्हणाला."

"पाय लांब कर."

वस्तादांनी बसगोंडाचंच बोट त्याच्या घोट्यामागं टेकवलं.

"लागतीया नाडी?"

"लागतीया."

मग तळव्याला स्वतःचा हात लावला. "गुडघा वाकवू नकोस. पाऊल रेट. जोर लाव."

बसगोंडानं रेटलं.

नाडी थांबली.

बसगोंडाचा चेहरा राखेसारखा झाला. "वस्ताद... मी मेलो?"

"पायापुरता."

...

"सोड आता."

नाडी परत आली. बसगोंडाला मात्र घाम फुटला होता.

वस्तादांनी लुंगी वर घेतली. गुडघ्यामागं लांब वण होता.

"हितनं रक्ताची नळी जाती. पोटरी तिला दाबून बसलीया. माझी पण बसलेली. मोठ्या डॉक्टरकडं जा, पाऊल रेटून तपासा म्हणावं. दाबणारा मांसाचा पट्टा तो कापतो, नळी मोकळी करतो."

"आन् न्हाई कापला तर?"

"नळी बुजंल. मग पाय."

बसगोंडानं पोटरीवर हात ठेवला. जत्रेत पोरं पैज लावून तिला बुक्क्या मारायची. हात त्यांचेच दुखायचे.

"पोटरी कापायची? ताकद जाईल माझी, वस्ताद. न्हाई जमायचं." तो उठला.

वस्तादांनी मागनं मानेला विळखा घातला.

आधी बसगोंडा हसला. मग हसू थांबलं. मग डोळे बाहेर आले. त्यानं 'सोडा' म्हणून वस्तादांच्या हातावर थापा मारल्या. वस्ताद आढ्याकडं बघत उभे. त्यानं परत मारल्या...

विळखा सुटला. बसगोंडा मातीत पडला, आ वासून हवा ओढत.

वस्ताद स्वतःच्या हाताकडं बघत बसले. हळहळले.

"अरेरे. तुला सोडलं, आन् माझी ताकद गेली."