उत्तर ध्रुवावरची शेपू

कॉम्प्युटरवर नाचाचं संगीत बनवणाऱ्यांचा 'धडाम' नावाचा एक ऑनलाइन ग्रुप होता. त्याचे अ‍ॅडमिन डीजे झेनॉन. घरचं नाव भालचंद्र, पण ते ग्रुपवर कुणी घेतलेलं त्यांना खपत नसे.

कराडच्या सुलक्षणानं तिथे आपला नवा ट्रॅक टाकला. त्यात मराठी बोल होते. झेनॉननी तो लगेच काढला आणि फर्मान सोडलं, "या संगीताला मराठी शोभत नाही. यापुढे मराठी शब्द असलेला प्रत्येक ट्रॅक उडवणार. पुन्हा टाकलास तर तूही जाशील. शिकायचं असेल तर माझा ट्रॅक ऐक."

त्यांचा ट्रॅक ग्रुपवर सगळ्यात वर लावलेला होता. त्यात एक खोल, घुमणारा आवाज होता आणि खाली लिहिलं होतं, 'उत्तर ध्रुवाकडचा प्राचीन मंत्र'.

सुलक्षणानं तो ऐकला आणि ती हसतच सुटली. वाद न घालता तिनं त्या संथ केलेल्या आवाजाचा वेग पूर्ववत केला आणि तेवढा तुकडा ग्रुपवर टाकला. सगळ्यांना खणखणीत ऐकू आलं, "मेथी घ्या, शेपू घ्या, कोवळा चाकवत घ्या!"

खाली तिनं लिहिलं, "हा मंत्र आमच्या हौसामावशीचा, कराडच्या मंडईतला. ग्रुपच्या फुकट आवाजांच्या साठ्यात मीच ठेवला होता. सर, नियम तुमचाच आहे. आधी कुणाचा ट्रॅक उडवताय?"

पाच मिनिटांत नियमच उडाला.

हौसामावशीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मंत्राचं ऱ्हाऊ दे गं. शेपू खातो का, ते इचार त्याला!"