सभेची खिडकी

पूर्वी वेत्रवती नावाच्या नगरात राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या सभेत क्षेमक नावाचा वृद्ध अमात्य होता. पण ही गोष्ट सभेत सुरू होत नाही, पाणवठ्यावर सुरू होते.

कुंभार आळीतली उप्पला तिथे घडा भरत होती. पलीकडे राजवाड्यातली एक दासी कुणाला तरी सांगत होती, "अगं, महाराजांनी सभेच्या भिंतीला भली मोठी खिडकी पाडलीय. आत कोण काय बोलतो ते आता सगळ्या नगराला ऐकू येणार. आणि जो जास्त बोलेल त्याला थेट..." एवढ्यात तिचा घडा भरला. तो डोक्यावर घेऊन, उरलेलं वाक्य तसंच तोंडात ठेवून ती चालती झाली.

अर्धी बातमी घरी नेणं उप्पलेच्या स्वभावात नव्हतं. आळीच्या तोंडाशी येईपर्यंत तिने ती पुरी केली. "थेट नगराबाहेर!" ती दिराला म्हणाली. हा दीर, नंदक, कुंभार आळीचा सभासद होता. ऐकताच त्याच्या हाताखाली चाकावरचं मडकं एका बाजूला कललं.

त्या नगरात प्रत्येक आळीचा एक सभासद असे. दर पौर्णिमेला राजा प्रत्येकाला, अमात्यालाही, आपल्या हाताने विडा देई. विडा मिळाला की आसन महिनाभर टिकलं. नाही मिळाला की मुकाट्याने उठायचं. सभेचं दार बंद होतं तोवर सभासद राजाशी हुज्जतसुद्धा घालत. राजा रागवे, पण ऐकून घेई. पाहायला बाहेरचं कोणी नसे. खिडकी झाली त्याच दिवशी विणकर आळीच्या सभासदाने घाटाच्या फुटक्या पायऱ्यांबद्दल विचारलं. बाहेरचे लोक हसले, राजाचे कान लाल झाले. पुढच्या पौर्णिमेला त्या सभासदाला विडा मिळाला नाही.

कुंभार आळी होती तलावाच्या बांधाखाली. बांध तीन जागी झिरपत होता आणि पावसाळा महिन्यावर आला होता. त्यानंतरच्या एका सभेत नंदक ते मांडणार म्हणून उप्पला खिडकीशी सर्वांच्या पुढे जाऊन उभी राहिली. आत एकेक सभासद उठून राजाच्या हत्तींची, बागेची स्तुती करीत होता. नंदक उठला. "महाराजांची खिडकी फार हवेशीर आहे," एवढं म्हणून बसला.

"अहो भाऊजी, बांधाचं बोला की! खिडकीला काय धाड भरलीय?" उप्पला बाहेरून ओरडली. लोक खदखदा हसले.

सभा सुटल्यावर क्षेमकाने तिला गाठून बांधाची चौकशी केली. तिने सगळं सांगितलं. "घरी हा माणूस याच्यावर दोन दोन घटका बोलतो, बाबा! पण बोलणाऱ्याला नगराबाहेर घालवतात ना."

"असं कोण म्हणालं?"

"अर्धं दासी म्हणाली."

"आणि उरलेलं?"

उप्पलेने पदर सारखा केला. "ते मीच."

क्षेमक हसला नाही. "भीती मात्र खरी आहे, बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. राजाने विडा पुढे करताच क्षेमक म्हणाला, "महाराज, दार बंद होतं तेव्हा प्रजेला ऐकू येत नव्हतं. खिडकी उघडली तेव्हापासून आपल्याला ऐकू येईनासं झालं आहे."

"मग काय, खिडकी बुजवू?"

"खिडकी राहू द्या. विडा सोडा. ज्या आळीचा सभासद, त्या आळीने त्याला विडा द्यावा."

"आणि नाही सोडला तर?"

"तर माझा विडा आपल्याकडेच राहू द्या. त्याच्या बदल्यात आज कुंभार आळीचं ऐका. बोलण्याचा दोष माझ्या माथी."

तेव्हा नंदक उठला. अडखळत का होईना, बांध कुठे कुठे झिरपतो ते त्याने बोटांवर मोजून सांगितलं. राजाने पाथरवट पाठवले. पण क्षेमकाला विडा दिला नाही.

त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला आणि बांध टिकला. राजा स्वतः बांधावर जाऊन उभा राहिला. खाली कुंभारांच्या भट्ट्या धुमसत होत्या. त्या दिवशी कोणी बोललं नसतं तर ही आळी उरली नसती, हे त्याला तिथे दिसलं. पुढच्या पौर्णिमेपासून विडे आळ्या देऊ लागल्या.

क्षेमक मात्र परत आसनावर बसला नाही. तो रोज खिडकीखाली बसून ऐके. उप्पला त्याला जागा करून देई आणि शेजारणींना सांगे, "बोलणाऱ्याला बाहेर घालवलं हे खरंच गं. पण नगराबाहेर नव्हे, खिडकीबाहेर."

ही गोष्ट तथागतांनी विहारात भिक्षूंना सांगितली. तेव्हाचा नंदक म्हणजे आज त्याच विहारात शंका विचारताना अडखळणारा तरुण भिक्षू. उप्पला म्हणजे भिक्षा वाढता वाढता सगळ्यांची विचारपूस करणारी उपासिका. राजा दृढवर्मा म्हणजे सर्वांचं ऐकून मग बोलणारा तिथला वृद्ध स्थविर भिक्षू. आणि दुसऱ्याचं भय आपल्या माथी घेणारा क्षेमक म्हणजे स्वतः तथागत. त्या जन्मी त्यांनी सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या व्रताची परिसीमा, पूर्ण केली.