रुसलेला विस्तव आणि भातुकलीतले लाडू

एक होता राजा. तसा भला माणूस, पण खायचं दिसलं की त्याला धीर धरवत नसे. अगदी आपल्या श्रीरंगासारखा. हसतोस काय, तुझंच सांगतेय. पांघरूण ओढून घ्या आणि ऐका.

त्या राज्यात विस्तव एकच होता. राजवाड्यातल्या मोठ्या चुलीत राहायचा. तेव्हा काड्यापेट्या नव्हत्या, बरं का. बायका गोवरीवर निखारा मागून न्यायच्या, मग घरोघरच्या चुली पेटायच्या. आणि एक रीत होती. दिवाळीचं तळण काढलं की पहिली करंजी चुलीला. मग देवाला, मग माणसांना.

एकदा काय झालं, राजवाड्यात तळण चाललं होतं. राजा आला वास काढत. झाऱ्यावर पहिली करंजी दिसली, तशी उचलली आणि टाकली तोंडात! जीभ पोळली ती पोळलीच, पण विस्तव रुसला. फुस्स करून विझला. राजवाड्यातला विझला, तसा घरोघरचाही विझला. ऐन दिवाळीत चुली थंड, पणत्या काळ्या. आणि विस्तव एवढीशी ठिणगी होऊन डोंगरावरच्या गुहेत जाऊन बसला.

राजा गेला मनधरणी करायला. विस्तव म्हणाला, "जन्मभर तुमचं रांधतोय मी. मला कधी कुणी आयतं वाढलंय? ज्याला माझा हात लागलेला नाही, असा गोड घास करून आणा. तरच येईन."

आता गावाच्या टोकाला राहायची दुर्पी. एवढीशी मुलगी, ऋजुताएवढी. तिच्या आईला नुकतंच बाळ झालं होतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नको का? बाळाला शेक नको का? बाहेर थंडी मी म्हणत होती आणि शेगडीत नुसती राख. बाळाचे पाय गार पडायला लागले. दुर्पी ते पाय हातात धरून चोळायची. पण तिचे हात ते केवढे! आई सारखी बाळाकडे बघायची.

इकडे मोठी माणसं लागली कामाला. आधी गेला राजाचा आचारी, श्रीखंड घेऊन. विस्तवानं विचारलं, "दूध कुणी तापवलं?" आचारी आला परत. मग गेला प्रधान, गुळाचे लाडू घेऊन. विस्तव म्हणाला, "उसाचा रस आटवून गूळ केला कुणी?" प्रधानही आला परत. मग राजा स्वतः गेला. फार डोकं चालवून त्यानं केळी नेली. विस्तव म्हणाला, "ही झाडानं केली. तू काय केलंस?" राजाही आला परत.

मग दुर्पीनं गोदीला आणि भिकाला हाक मारली. हे तिचे भातुकलीतले भागीदार. मोठी माणसं मुलांना सारखी ओरडायची, चुलीजवळ जाऊ नका, भाजेल! मग मुलं काय करणार? विस्तवाशिवायच स्वयंपाक मांडायची. रोज मांडायची. त्यांच्याइतका या कामात हात बसलेलं सबंध राज्यात कुणी नव्हतं. आहे की नाही गंमत?

दुर्पीच्या आईनं आपल्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी खारीक-खोबरं ठेवलं होतं, उन्हात खडखडीत वाळवलेलं. ते तिनं सगळंच्या सगळं काढून दिलं. भिकानं किसणी आणली. दुर्पी ओरडली, "अरे ठेव ती! लोहारानं भट्टीत तापवून केलीय." मग खोबरं ठेचलं दगडानं. खारीक कुटली दगडानं. घाम निघाला पोरांचा. मग लाडू वळायला बसली, तर लाडू वळेचना. वळला की भसकन फुटायचा. मध हवा होता. पण घरातला मध चालेना, कारण तो काढताना पोळ्याला धूर दिलेला.

मग दुर्पी घोंगडी पांघरून एकटीच पोळ्यापाशी गेली. धूर नाही, काही नाही. मध मिळाला, पण माश्यांनी गालावर असे डंख मारले, असे मारले, की एक डोळाच मिटला. आता खोटं कशाला सांगू, रडली ती. पण मधाचं पोळं काही हातातून सोडलं नाही हो पोरीनं!

लाडू झाले. ओबडधोबड, वर बोटं उमटलेली. पळसाच्या पानात बांधून तिघं डोंगर चढली.

विस्तवानं विचारलं, "खोबरं कुणी वाळवलं?"

"उन्हानं."

काय गं ऋजुता? ऊन म्हणजेही विस्तवच? शहाणी आहेस. पण सूर्यनारायण म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याच्याशी कुठे त्याचं भांडण होतं? ऐक पुढं.

"ठेचलं कशानं?"

"दगडानं."

"आणि मध? धुराशिवाय मध काढतं का कुणी?"

दुर्पीनं नुसतं तोंड वर केलं. सुजलेला गाल, मिटलेला डोळा. विस्तव बघतच राहिला. मग त्यानं एक लाडू खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग तिसरा खाताना तो असा उजळला, असा उजळला, की गुहाभर लख्ख उजेड पडला!

मग दुर्पीनं गोवरी पुढं केली, आणि विस्तव त्या गोवरीवर बसून खाली आला. वेशीत राजा वाजंत्री घेऊन उभा. म्हणाला, "चला, राजवाड्यात चला." विस्तव म्हणाला, "आधी हिच्या घरी." मग राजानं मान खाली घातली आणि वाट सोडली.

शेगडी पेटली. बाळाचे पाय ऊन झाले आणि बाळानं ते झाडले, असे. शेजारणी धावत आल्या. एकीनं विचारलं, "अगं बाई, विस्तव आणला तरी कुणी? राजानं?"

आईनं दुर्पीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "माझ्या थोरलीनं."

तोवर दुर्पीला कुणी थोरली म्हटलं नव्हतं, बरं का. ती अशी ताठ बसली! माझा तर ऊर भरून येतो सांगताना.

मग पणत्या लागल्या, करंज्या तळल्या आणि सगळी सुखात राहिली. बाळ आता शेकून गाढ झोपलंय. तुम्हीही मिटा डोळे, माझ्या गुणी लेकरांनो.