टाचणी आणि ओंजळ

एका राज्यात फुलपाखरांचं वेड राजघराण्याच्या रक्तातच होतं. आजेराजांनी ती शालूंच्या पदरांवर विणवून घेतली. थोरले राजे महालात एखादं फुलपाखरू शिरलं, की गेलेले वडीलच परतले समजून "आबासाहेब आले" म्हणत उठून उभे राहत. मकरंदराजाचं मात्र एवढ्यानं भागेना. आवडलेलं फुलपाखरू तो टाचणीनं टाचून काचेखाली ठेवी, आणि दरबारी माना डोलावत.

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. राणी कुमुदिनी अबोल. त्या राज्यात बायको नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेई, एरवी नाही. उंबरठ्यावर बायकांनी नावासाठी अडवलं, तेव्हा कुमुदिनीला काही सुचेना. राजा हळूच म्हणाला, "राहू दे. सुचेल तेव्हा घे." तिथंच तो तिला आवडला.

एके दिवशी वनातली मायाविनी दरबारात आली.

"राजा, माझी लेकरं दे."

"ती आता माझी आहेत."

"मग तूही त्यांच्यातलाच हो!"

राजाचं फुलपाखरू झालं. माना डोलावणाऱ्या दरबाऱ्यांचीही झाली.

राणीनं तिचे पाय धरले. "आई, यांना सोडवा."

"आधी टाचण्या काढ. मग तुझ्या माणसाला हाक मार. आणि हातावर बसला तरी मूठ मिटू नकोस. गेला तर आपणहून परत येऊ दे. सूर्य बुडाला, की तो माणूसपण विसरेल."

राणी टाचण्या काढत गेली. एकेका टाचणीसरशी एकेक वाळकं फुलपाखरू जागं होऊन उडालं. उन्हं कलली. महालभर नुसते पंखच पंख. यातला आपला कोणता?

"अहो!" तिनं सवयीनं हाक मारली.

सगळे दरबारी एकदम वळले. प्रधानजी तिच्या नाकावर बसले, सेनापती अंबाड्यावर.

दांडीवरची साळुंकी म्हणाली, "बाईसाहेब, इथला कोणता नवरा 'अहो' नाही? नाव घ्या की!"

"यांचं?"

"मग काय, माझं?"

राणीनं डोळे मिटले, ओंजळ पुढे केली.

"उघड्या खिडकीत दरवळतो मोगऱ्याचा गंध,
ओंजळ माझी रिकामी, घरी या, मकरंद!"

एक पिवळं फुलपाखरू अलगद ओंजळीत उतरलं. राणीची बोटं मिटायला आतुरली. तेवढ्यात ते उडालं, खिडकीपाशी गेलं. बाहेर सूर्य डोंगराला टेकलेला. राणीनं ओंजळ तशीच उघडी धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "याल तेव्हा या."

ते वळलं. परत आलं. आणि तिच्या ओंजळीत राजाचे हात होते, मिशांना परागकण.

तोवर साळुंकीनं गावभर बोभाटा केला होता. दरबाऱ्यांच्या बायका धावत आल्या, ओंजळी धरून उखाणे घेऊ लागल्या. प्रधानीणबाईंना नाव आठवायला जरा वेळ लागला, पण सूर्य थांबला.

राजानं काचा काढून टाकल्या, अंगणात फुलझाडं लावली. राणी पुन्हा 'अहो'वर आली. पण महालात फुलपाखरू शिरलं, की राजा उठून उभा राहतो, आणि राणीची ओंजळ आपोआप उघडते. त्यांचा शाप सरला, तसे घरोघरचे अबोले सरोत.